दावणीला तीन मोटारी

फियाटचा नंबर लागल्याचं पत्र बुधवारी आलं, आणि गुरुवारपासून हारदे वस्तीवर भावाचं भावाशी धड बोलणं राहिलं नाही.

खरं तर आनंदाची गोष्ट. धाकट्या छगननं नंबर लावला तेव्हा तो पुण्यात वकिली शिकत होता. पुढं त्याचं शिक्षण संपलं, लग्न झालं, राहुरीच्या कोर्टात काळा कोट घालून बसायला एक खुर्ची मिळाली, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, आणि तेव्हा कुठं, सहा वर्षांनी, मोटारीला हारद्यांची आठवण झाली. पंधरा दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर नंबर मागच्याला जाणार. शहाण्या घरात दुसऱ्या दिवशी होकार गेला असता. पण त्या साली ऊस बरा झाला होता, घरात पहिलीच मोटार येणार होती, आणि हारद्यांच्या घरात एखादी गोष्ट सरळ झाली तर ती झाल्यासारखीच वाटत नाही. मधला गोरक्षनाथ म्हणाला, घ्यायचीच तर अँबॅसिडर घ्यावी. थोरला सहादेव म्हणाला, त्यापेक्षा ट्रॅक्टर घ्या. आणि या तिघांचे वडील, कारभारीतात्या, पंच्याहत्तरीतसुद्धा बैलाच्या नुसत्या चालीवरून त्याचं वय सांगणारा माणूस, ते म्हणाले, "बिनपारखायची मी कोंबडी घेत न्हाई. बाजारात जेवढ्या जाती असतील तेवढ्या आना दारात. चालवून बघू."

जाती तीनच निघाल्या. फियाट, अँबॅसिडर आणि हेरल्ड. हेरल्डचं नाव घरात कुणाच्याच तोंडी नव्हतं. ते आणलं नगरच्या याकोब मिस्त्रीनं. विहिरीवरचं तेलाचं इंजिन बंद पडलं की तो यायचा, आणि चुकूनसुद्धा नसलेली खराबी सांगायचा नाही, म्हणून तात्यांचा त्याच्यावर पोटच्या पोरांपेक्षा जास्त विश्वास. एक स्वतःची आणि दोन गॅरेजात येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारून, अशा तिन्ही गाड्या एका दिवसासाठी घेऊन येतो, असं त्यानं कबूल केलं. शनिवारी लोखंड दारात आणायचं नाही, म्हणून रविवार ठरला.

या सगळ्या गलबल्यात थोरली सून केशरबाई काही बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. ती आपली चुलीपुढं उंच पाटावर, उजवा पाय लांब सोडून बसायची आणि भाकरी थापता थापता ओसरीवरचं सगळं ऐकायची. तो पाय लांब सोडण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. सात वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडली, हाडवैद्यानं गुडघा बांधला, आणि तो गुडघा सरकारी साहेबासारखा एकदा जो ताठला तो पुन्हा काही वाकला नाही. काम अडत नव्हतं. शेतावर जाई, पाणी आणी, जत्रेला बैलगाडीत पाय पसरून बसे. अडलं होतं ते फक्त राजूर.

राजूर तिचं माहेर. तिकडं संगमनेर-अकोल्याच्या पुढं, डोंगरात. आई लहानपणीच गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं, रंगुबाईनं, तिला काखेत घेऊन वाढवलं होतं. ही आक्का अजून राजूरलाच होती, पण तिला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यामुळं तिचं कुठं जाणं-येणं उरलं नव्हतं. शेजारच्या कुणाकडून तरी ती महिन्याला एक कार्ड लिहून घ्यायची. त्यात पाऊसपाणी, नाचणी, गुरंढोरं सगळं असायचं, आणि शेवटी दर वेळी तीच ओळ: "दिसत नाही, पण ऐकू येतं. ये."

केशरबाईनं एकदा प्रयत्न केला होता. पाय मोडला त्याच वर्षी, राहुरीच्या स्टँडवर, संगमनेरच्या यष्टीत चढायला गेली. पायरी उंच, दार अरुंद, पाय ताठ. वरून कंडक्टर ओढतोय, खालून सहादेव ढकलतोय आणि अख्खं स्टँड बघतंय. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोतं आडवं करा, म्हंजी जाईल!" लोक हसले. सहादेवही कसनुसा हसला. ती खाली उतरली, पदर सावरला आणि म्हणाली, "चला घरी. मला न्हाई आता माहेराची हौस." त्यानंतर कुणी राजूरचा विषय काढला की हेच वाक्य. ते तिनं इतकं ठासून म्हटलं, इतक्यांदा म्हटलं, की घरात सगळ्यांना खरंच वाटलं. भाड्यानं जीप करू, असं सहादेव एकदा म्हणाला होता, तर त्यालाही तिनं हेच ऐकवलं. मानी बाईचं हे असंच असतं. स्वतःच्या हातानं कडी लावायची आणि मग कुणी उघडत नाही म्हणून आतून झुरायचं.

पण मोटारीचं पत्र आलं त्या दिवशी तिच्या हातून एक भाकरी करपली. मोटार दाराशी येते. मोटारीला पायरी नसते. आपला पाय जाईल अशी असली म्हणजे झालं. तिला दुसरं काही नको होतं, आणि हे मात्र ती मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हती.

रविवारी सकाळची उपासना आटोपून, चर्चचा पांढरा शर्ट तसाच अंगात ठेवून, याकोब मिस्त्री आला. पुढं त्याची स्वतःची तांबडी हेरल्ड, मागं त्याच्या दोन कारागिरांनी आणलेली निळसर फियाट आणि पांढरी अँबॅसिडर. कुत्री भुंकून भुंकून दमली. गाड्या खळ्यात लिंबाखाली ओळीनं उभ्या राहिल्या. तात्या कमरेवर हात ठेवून तिघींच्या भोवतीनं एक फेरा मारून आले.

"दावनीला उभ्या केल्यागत दिसत्यात," ते म्हणाले. "याकोब, दात दाव."

मिस्त्रीला तात्यांची भाषा कळत होती. त्यानं फियाटचं आणि अँबॅसिडरचं बॉनेट उघडलं. तात्यांनी आत वाकून पाहिलं, हुंकार दिला. मग मिस्त्रीनं हेरल्डच्या तोंडाला हात घातला आणि पुढचा सगळाच्या सगळा भाग, दिव्यांसकट, पुढं कलंडला. आतली चाकंसुद्धा उघडी पडली.

"आरं तिच्या!" तात्या मागं सरले. "हिनं तर समदा जबडाच वासला."

"हिच्यात काय झाकलेलं नाही, तात्या," मिस्त्री म्हणाला. "दुरुस्तीला सोपी. पण खरं सांगतो, पोटानं खाली आहे. आणि ही जुनी, दोन दारांची. नव्या येतात त्यांना चार दारं असतात."

"दोन दारांची गाडी!" गोरक्षनाथ हसला. तो साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहणार होता, आणि गेला महिनाभर घरातसुद्धा सभेत बोलल्यासारखं बोलत होता. "पावन्यानं मागं जायचं कसं? खिडकीतनं? अवो, मोटार कशी पायजे, मानूस उतरला की चार जन उठून हुबं ऱ्हायलं पायजेत. अँबॅसिडरमधनं उतरलेला मानूस निवडून यायच्या आदीच चेरमन दिसतो."

"आणि ती पितेही चेअरमनसारखीच," छगन म्हणाला. "दादा, पेट्रोल कोण घालणार? फियाट बघ. आवाज ऐक. बाळ झोपलं तर उठायचं नाही. आणि मुख्य म्हणजे ती आपल्याला मिळालीय. लोक नंबर लागावा म्हणून नवस करतात."

स्वयंपाकघराच्या दारातून गोरक्षनाथची बायको छबूबाई बोलली. ती नवऱ्याचीच बाजू घेणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. गोरक्षनाथला तर फारच वाटलं होतं.

"फियाटच घ्या, भावजी," ती छगनला म्हणाली. "ह्यांच्या अँबॅसिडरमधी ह्यांचे कार्यकर्ते बसतील, आन आमी बायका फिरून यष्टीतच. बारकी गाडी असली म्हंजी निदान घरची मानसं तरी मावतील."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"लई कळतंय. परवा सात कप च्या केला मी तुमच्या चार मतांसाठी."

छगन खूश झाला, गोरक्षनाथचं तोंड उतरलं. सहादेव पुन्हा म्हणाला, "ट्रॅक्टर घ्या," पण त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. केशरबाई छबूबाईच्या मागं उभी होती. ती गाड्यांच्या उंचीकडं बघत होती. तिच्या मते अँबॅसिडर सगळ्यांत ऐसपैस, तेव्हा हीच आपली. मनातल्या मनात ती गोरक्षनाथच्या बाजूला गेली, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तात्यांनी खरी परीक्षा सुरू केली. बैल घेताना जसा तो भरल्या गाडीला जुंपून नेतात, तसं त्यांनी प्रत्येक गाडीत चार माणसं आणि दोन पोती घातली आणि फर्मान काढलं, "मळ्याच्या वाटंनं पाटापर्यंत जायाचं आन यायाचं."

मळ्याची वाट म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी. दोन बाजूंना दोन खोल चर, मधे उंचवटा. मोटारीसाठी कुणी ती वाट केलेली नव्हती, हे सांगायचं मिस्त्रीच्या ओठांवर आलं होतं, पण तात्यांच्या तोंडाकडं बघून तो गप्प बसला. पांढरी अँबॅसिडर भरल्या पोटाच्या म्हशीसारखी डुलत गेली आणि डुलत आली. फियाट दोनदा घासली, पण आली. हेरल्ड वीस हात गेली आणि मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. चाकं हवेत गरागरा. शेवटी सहादेवनं खरोखरीचे बैल आणून तिला ओढून काढली, तेव्हा गोरक्षनाथ हसून हसून बांधावर बसला.

"हिला पेंड चारा," तो म्हणाला.

मिस्त्रीनं घाम पुसला. "आता वळवून बघा," एवढंच म्हणाला. आणि खळ्यात त्यानं हेरल्ड अशी गर्रकन वळवली, की मळणीला तिवड्याच्या खांबाभोवती पातीचा बैलसुद्धा तेवढ्या जागेत फिरला नसता. तात्यांनी भुवया वर केल्या. पण एका वळणावर बैल कोण घेतो? अँबॅसिडर ताकदीची, फियाट चपळ, आणि हेरल्ड दिसायला बरी पण कामाची नाही, असा निकाल जेवणाआधीच सगळ्यांच्या चेहऱ्यावर आला.

पुरुषांची पंगत बसली. कोंबडीचा रस्सा होता, त्यामुळं ती लवकर उठणार नव्हती. केशरबाईनं भाकरीची टोपली छबूबाईपुढं सारली, "जरा बघ गं, आले," म्हणाली आणि मागच्या दारानं खळ्यात आली.

आधी अर्थातच अँबॅसिडर. तिनं मागचं दार उघडलं. ही एवढी मोठी गाडी! ती पाठमोरी झाली, बसली. बूड आत गेलं. पाय आत घ्यायला गेली तर पुढच्या सीटची पाठ आणि दाराचा खांब यांच्यामधे जेमतेम हातभर फट. वाकणारा पाय त्यातून सहज गेला असता. तिचा पाय मुसळासारखा बाहेरच राहिला. मागं सरकली, तिरकी झाली, सीटवर जवळजवळ आडवी झाली. टाच खांबाला अडली ती अडलीच. तिनं उठून पुढचं दार उघडून पाहिलं. तिथंही तोच खांब, तीच टाच.

फियाटमधे तेवढंही जमलं नाही. ती उतरून दाराला धरून उभी राहिली. लिंबाचा पाला डोक्यावर पडत होता, आतून पुरुषांचं हसणं येत होतं. सात वर्षं तिनं हौस नाही म्हणून सांगितलं होतं, आणि आत्ता या क्षणी तिला फक्त तीच एक हौस होती. यष्टीत जात नाही, मोटारीत जात नाही. म्हणजे मग राजूर गेलंच.

हेरल्डकडं ती गेली ती केवळ दोन झाल्यात तर तिसरीही बघावी म्हणून. दोनच दारं, त्यामुळं दार चांगलं लांबरुंद, गोठ्याच्या फळीएवढं. पुढची सीट सरकवून मागं नेलेली. ती काठावर बसली, पाठ मागं टाकली, आणि दोन्ही हातांनी पाय उचलला. पाय आत आला. सगळा. कुठंच न अडता. तिनं दार ओढलं. ते लागलं.

ती तशीच बसून राहिली. समोरच्या काचेतून तिला तिचंच खळं दिसत होतं, लिंब, गोठा, वाळत घातलेली लुगडी. हसू आलं आणि डोळेही भरले, एकदमच.

"बाई!" काचेवर टकटक झाली. छबूबाई, हात रश्श्यानं पिवळे. "मी म्हनलं गेल्या कुठं? अगं बया, बसल्या व्हय!"

"हळू बोल. आन मला बाहेर काढ. आत जायाला बरी हाय, उठायला येत न्हाई."

छबूबाईनं पिवळ्या हातांनी तिला ओढून उभं केलं. जावा-जावांचं बारा वर्षांत फारसं गूळपीठ नव्हतं. पण छबूबाईनं उघड्या राहिलेल्या अँबॅसिडरच्या दाराकडं पाहिलं, फियाटच्या दाराकडं पाहिलं, ताठ पायाकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती हुशारच होती, फक्त तिचा बराचसा हुशारपणा नवऱ्याला गप्प करण्यात खर्च व्हायचा.

"राजूर?" तिनं विचारलं.

केशरबाईनं मान हलवली.

"मंग सांगा की त्यास्नी."

"न्हाई. माझ्या गुडघ्याचा तमाशा एकदा झाला स्टँडवर. तेवढा बास."

"बाई, तुमचा पाय वाकंना ते देवाचं काम. पन मानपन वाकंना, ते कुनाचं?"

केशरबाईला राग आला. खरं बोललेलं होतं म्हणून जरा जास्तच आला.

जेवणं झाली. तात्या ओसरीवर बसले आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर पसरलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. बघणाऱ्याला काही कळत नाही, कुणाची शोभा होत नाही. तात्यांनी हीच रीत घरात आणली होती. घरात दोन मतं झाली की उपरणं निघायचं. कुणी कुणाच्या विरुद्ध गेलं ते गुपित राहायचं, आणि म्हणून आजवर घर एक राहिलं, असं त्यांचं म्हणणं.

"येक बोट अँबॅसिडर, दोन फियाट, तीन हेरल्ड," ते म्हणाले. सहादेव, गोरक्षनाथ, छगन, तिघांचे हात आळीपाळीनं उपरण्याखाली जाऊन आले. तात्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"झालं?" दारातून छबूबाई म्हणाली. "आमची बोटं काय मोडल्यात?"

तात्या पेचात पडले. सुनांचं मत घ्यायला त्यांची हरकत नव्हती, पण सुनेच्या हातात सासऱ्यानं हात घालायचा कसा? शेवटी त्यांनीच तोड काढली. ओसरीच्या कडेला टोपली ठेवली, तिच्यावर उपरणं झाकलं. "बोटांच्या जागी भुईमुगाच्या शेंगा टाका. येक, दोन, न्हाईतर तीन."

छबूबाईनं मूठ आत घातली, मोकळी केली आणि मागं वळून केशरबाईकडं असं काही बघितलं, की तिनं किती टाकल्या ते आंधळ्यालाही कळावं. मग केशरबाईची पाळी आली. तिच्या मुठीत तीन शेंगा होत्या. टोपलीपाशी ती आली आणि थांबली. तिघा भावांतला हेरल्डच्या बाजूचा एकही नाही, हे तिला ठाऊक होतं. आपल्या तीन शेंगा टोपलीत पडतील, हरतील, आणि कुणाच्या होत्या, कशासाठी होत्या, ते कुणाला कळणारसुद्धा नाही. शोभा होणार नाही हे खरं. राजूरही होणार नाही.

तिनं उपरणं टोपलीवरून काढलं आणि घडी करून तात्यांपुढं ठेवलं.

"मला झाकून न्हाई सांगायचं, तात्या. मला बोलायचंय."

केशरबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. आवाज कापत होता, तो तिनं तसाच कापू दिला.

"मला राजूरला जायाचंय. आक्काला भेटायचंय. हौस न्हाई, हौस न्हाई म्हनत हुते, ते खोटं हुतं. यष्टीत पाय जात न्हाई म्हनून म्हनत हुते. मगाशी तुमी जेवत हुता, तवा मी तिन्ही मोटारींत बसून बघितलं. ह्या दोघी मला घेत न्हाईत. ती तांबडी घेती."

सहादेव तिच्याकडं बघतच राहिला. मग गोरक्षनाथला निवडणुकीची आठवण झाली.

"पन वहिनी, ती चाकोरीत बसली की मघाशी. समद्यांनी बघितलं."

"राजूरला डांबरी सडक हाय, भावजी. चाकोरीतनं जायाला घरात बैलगाडी हाय."

छगननं खिशातलं पत्र बाहेर काढलं, उघडलं, मिटलं. तो वाईट माणूस नव्हता. तीन वर्षांचा होता तेव्हापासून या वहिनीनंच त्याला न्हाऊ घातलं होतं. पण सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं.

"वहिनी, बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "पण मी सहा वर्षं थांबलोय या नंबरासाठी."

"मी सात," केशरबाई म्हणाली.

छगननं पत्र पुन्हा खिशात ठेवलं.

तात्या उठले. काठी घेतली आणि कुणाला काही न सांगता खळ्याकडं चालू लागले. सगळे त्यांच्या मागोमाग. तिन्ही गाड्यांपुढं उभे राहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"पन्नास वर्सं बैलं घेतोय मी, आन पयली परीक्षाच इसरलो. याकोब, तू न्हाई सांगितलंस."

"कुठली, तात्या?"

"आरं, बैल कितीबी ताकदीचा असंना. घरची बाई जवळ गेली आन त्यानं शिंग उगारलं, तर तो दावनीला बांधायचा न्हाई. त्याला येळंला पानी कोन पाजनार? वैरन कोन टाकनार? आमी जबडं बघत बसलो." ते वळले. "केशर, लेकी, दाव. कोन घेती आन कोन न्हाई घेत, समद्यांसमोर दाव."

चारचौघांसमोर पुन्हा तोच पाय. क्षणभर तिला स्टँड आठवलं. मग ती अँबॅसिडरपाशी गेली, बसली, आणि टाच खांबाला अडल्याचं सगळ्यांना दिसलं. गोरक्षनाथनं स्वतः वाकून बघितलं, सीट मागं रेटून बघितली, तरी फट तेवढीच. फियाटपाशी गेली, तिथं छगननंच दार लावून टाकलं. "राहू द्या, वहिनी," म्हणाला. मग हेरल्ड. बसली, पाठ टाकली, पाय घेतला, दार लावलं. यावेळी कुणी हसलं नाही. छबूबाईनं मात्र टाळी वाजवली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

"घरची गाडी ही," तात्या म्हणाले. "छगन, फियाट तुझ्या नावावर हाय. वकिली चालली की तुझी तू आन. गोरख, तू निवडून ये, मंग कारखाना देईल तुला अँबॅसिडर." आणि त्यांनी उपरणं मिस्त्रीच्या हातावर टाकून त्याखाली आपला हात घातला. मिस्त्रीची बोटं आत काय सांगत होती कोण जाणे, पण दोघंही एकमेकांना चांगले ओळखून होते. दोनदा माना हलल्या, तिसऱ्यांदा दोघं हसले आणि हात बाहेर आले.

"लांबच्या पल्ल्याला चालवून बघायची ऱ्हायली की अजून," तात्या म्हणाले. "दिस किती वर हाय? संगमनेर, अकोलं, दिवेलागणीला पोचाल. सहादेव, तूबी जा."

"आत्ता?" केशरबाई आतून म्हणाली. "अवो, माझं लुगडं बघा, पीठ लागलंय समदं. हातात काय न्यायाला न्हाई. रातच्याला हितलं कोन बघनार?"

"मी बघते," छबूबाई म्हणाली. "आन आक्काला दिसत न्हाई, तवा लुगड्याचं काय घिऊन बसलाय."

असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं. केशरबाई खळाळून हसली.

पण दोन दारांच्या गाडीत मागं जायचं तर आधी पुढच्यानं उतरावं लागतं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. केशरबाईला पुन्हा ओढून बाहेर काढलं. सीट दुमडली. सहादेव, पाच एकरांवरचा ऊस एका नजरेत मोजणारा गडी, घडी होऊन मागं शिरला आणि हनुवटीला गुडघे लावून बसला. गावात आजवर कुणाची बायको पुढं आणि नवरा मागं असं कुणी पाहिलं नव्हतं. गोरक्षनाथच्या तोंडावर आलं होतं, पण बायकोकडं बघून त्यानं ते गिळलं. मिस्त्रीनं गाडी सुरू केली. तात्यांनी काठीनंच खूण केली, निघा.

वस्तीचा रस्ता संपून सडक लागली तेव्हा गाडी सरळ पळायला लागली. वारा आत येत होता. केशरबाईनं एक हात दाराबाहेर थोडासा काढून बघितला आणि पुन्हा आत घेतला. ऊसवाल्या चार-पाच गाड्या मागं पडल्यावर सहादेव म्हणाला, "सात वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमी हसला हुता," ती समोर बघत म्हणाली. "स्टँडवर."

मिस्त्रीनं सगळं लक्ष रस्त्याकडं दिलं.

"व्हय," सहादेव म्हणाला. "हसलो हुतो." थोड्या वेळानं तो पुढं सरकला, म्हणजे जेवढं सरकता येत होतं तेवढं, आणि सीटच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आनखी काय काय बोलायचं ऱ्हायलंय?"

केशरबाईनं पाय नीट पसरला आणि पाठ टेकली.

"राजूर लांब हाय," ती म्हणाली. "सांगते."